गाडी पहिल्या गिअरमध्ये धरली
गिअर ऑइल तापल्याचा वास आला की देवणीजवळच्या आमच्या शेताची वाट आठवते. आमच्यात मृताला बसवून नेतात आणि शेतातच समाधी देतात. वडील गेले त्या दिवशी पावसानं भिजलेल्या काळ्या मातीत खांदेकऱ्यांचे पाय रुतू लागले, म्हणून मामेभावाच्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये त्यांना बसवलं. मागे मी त्यांना धरून होतो. मामेभावानं चारही चाकांना जोर देणारी लो-रेंज टाकली. गाडी माणसांच्याच चालीनं निघाली, तरी गिअर आपोआप भराभर बदलत होते. प्रत्येक बदलाला हिसका बसे आणि वडील पुढे कलत. मागून चालणारे चुलते म्हणाले, "आरं, दादाला हालवायलास की. वरात हाय का ही?" "काका, मी न्हाई, गाडीच गिअर बदलायली." "मग तिला सांग की." त्यानं गिअरचा दांडा बाजूला, हातानं गिअर टाकायच्या खाचेत ओढला आणि गाडी पहिल्या गिअरमध्येच धरून ठेवली. इंजिनाचा आवाज चढला, गिअर ऑइल तापल्याचा वास येऊ लागला, पण हिसके थांबले. शेत येईपर्यंत वडील माझ्या खांद्याला टेकून राहिले. ते असे कधी कुणाला टेकले नव्हते. आज वाटतं, शेत आणखी थोडं लांब असायला हवं होतं.