बर्फातलं कपिलधार

शकील गेल्याचं मला मांजरसुंब्याच्या धाब्यावर कळलं. त्याच्या भावाचा फोन आला, समोरचा चहा तसाच राहिला... गेवराईत त्याचा फोटो स्टुडिओ होता. पोटासाठी लग्नाचे फोटो काढायचा आणि जिवासाठी आकाशाचे. शाळेपासूनचा माझा मित्र, महाहट्टी. नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा पुसायचा नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

एका चंद्रग्रहणाच्या संध्याकाळी आम्ही दोघं कपिलधारला गेलो. देवळाचं शिखर, मागे डोंगर आणि त्यावर नुकताच आलेला, कड कुरतडलेला चंद्र. शकीलनं तो फोटो हौसेनं एका बड्या दैनिकाला पाठवला. तिकडून फोन आला, चंद्र फार बारका दिसतोय, मोठा आणि लाल करून द्या. हा म्हणाला, होता तेवढाच आहे. मग त्या शहाण्यांनी इंटरनेटवरून परातीएवढा लालभडक चंद्र उचलला, पहिल्या पानावर छापला, खाली ‘कपिलधार येथून टिपलेले ग्रहण’ असं लिहिलं आणि छाया म्हणून शकीलचं नाव टाकलं. चंद्राखाली बर्फाचे डोंगर होते. बीड जिल्ह्यात बर्फ. एवढ्या मोठ्या कचेरीत एकालाही ते दिसू नये?

गावानं त्याला सोडलं नाही. ‘‘हिमालयात कधी गेलतास बे?’’ चौकात रोज हेच. लग्नाचा अल्बम दाखवला तरी लोक विचारायचे, ह्यात खरं किती. शकील कचेरीत जाऊन दोन ओळींचा खुलासा मागून आला. फुकट प्रसिद्धी मिळाली, वर तक्रार कसली, असं सांगून त्याला वाटेला लावलं. पुढे प्रत्येक ग्रहणाला तोच बर्फ आणि तेच नाव. ह्या मंडळींना आकाशाशी काही देणंघेणं नाही. त्यांना दरवेळी ‘ब्लड मून’ नाहीतर ‘सुपरमून’ हवा असतो, खरा चंद्र त्यांच्या पानाला पुरत नाही. मला त्यांची चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

शकीलच्या चाळिसाव्याला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं, भाभींनी, त्याच दैनिकाचं पान पुढे केलं. शकीलवर चार गोड ओळी होत्या... आणि शेजारी तोच लाल चंद्र.

‘‘भाऊ,’’ भाभी म्हणाल्या, ‘‘आता खुलासा मागायला बी कुणी न्हाई.’’

स्टुडिओत काउंटरमागे खरा फोटो टांगलेला आहे. येणाऱ्याला शकील बोट टेकवून चंद्र दाखवायचा, त्यामुळे काचेवर तिथं तेलकट डाग पडलाय. भाभींनी सगळा स्टुडिओ पुसून काढलाय, तेवढा डाग सोडून.