मागून आणलेल्या मोटारीने कापडे गावापर्यंत

धाकट्या बहिणीचा कापडे गावाहून निरोप आला, "भात झोडून झालं, आता तरी ये." बैलगाडीचे धक्के माझ्या कमरेला सोसत नाहीत. महाडचे लाकडाचे व्यापारी हसनमियां माझे जुने स्नेही. त्यांनी आपली मोटारच पुढे केली.

"आबा, तुमच्याकडे लायसन आहे, तेव्हा तुम्ही चालवलीत तरी माझा विमा लागू. फक्त कुणाकडून भाडं घेऊ नका. गाडी खाजगी आहे. पैसा घेतलात की कंपनी हात वर करील, आणि नुकसान आपल्या बोकांडी!"

कुणी जाणार असाल तर पेट्रोलचा जादा डबा महाडातच घ्या, पुढच्या भरवशावर राहू नका. पोलादपूरपर्यंत सावित्री नदी सोबत करते. तिथे चहा बरा मिळतो. पुढे रस्ता खडबडीत, पण दोन्ही अंगांना कापलेली शेतं आणि वर निळे डोंगर पाहून जीव हलका होतो. बहिणीने कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी असं वाढलं की उठवेना.

दुसऱ्या दिवशी परतताना गावाबाहेर भिकी नावाची बाई दिसली. लेकीचा कान सुजलेला, तिला खांद्यावर घेऊन महाडच्या दवाखान्यात चाललेली. मी थांबलो. तिने आधी पदराची गाठ सोडली.

"हे चार आणे घ्या."

"नको गो. भाडं घेतलं तर विमा गेला."

"विमा म्हंजे काय?"

"मोटार मोडली तर कंपनी दुरुस्त करून देते."

"मग देऊ दे की! माझे चार आणे तिला कुठं आडवे येतात? फुकट मी बसायची नाय."

आणि चालू लागलीच! पोर कण्हत होती. मी ओरडलो, "अगो, आजच्यापुरती माझी लेक हो! लेकीकडून बाप पैसे घेतो काय?"

ती थबकली. "तसं नाय घेत," म्हणाली, आणि मागे बसली.

पोलादपूरच्या अलीकडे पेंढ्याची गाडी चुकवताना मोटार मैलाच्या दगडावर गेली. दिवा फुटला, मडगार्ड चेपलं. माणसं मात्र धड होती. मायलेकींना दवाखान्यात सोडून हसनमियांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चेपलेल्या मडगार्डवरून हात फिरवला. "कंपनीने दिलं तर ठीक, आबा," एवढंच म्हणाले.

कंपनीचा माणूस आला. माझं ऐकूनही त्याची खात्री पटेना. भिकी पोरीचा कान पुन्हा दाखवायला दवाखान्यात आली होती; त्याने तिला गाठलं.

"भाडं किती दिलंस?"

"बापाला भाडं? तुमच्याकडं देतात काय?"

"हे तुझे वडील?"

"त्यांनीच तर केली ना लेक मला, रस्त्यात! इचारा त्यांना."

तो हसत सुटला. दुरुस्ती मंजूर झाली, पोरीच्या कानाची सूजही उतरली. घरी मी ही गंमत मोठ्या रंगात सांगितली, तर बायकोचा चेहरा गंभीर.

"लेक म्हणालात ना? मग दिवाळीला आणायला जा. आणि साडी मी निवडणार."