जमीन राखणारे

काटोल रोडला बाबांचं शेत होतं आणि शेताच्या मधोमध दगडांचं मोठं वर्तुळ. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपली माणसं पुरून भोवती रचलेलं. नागपूरच्या आसपास अशी वर्तुळं पुष्कळ आहेत. बाबा कारकुनी सांभाळून शेत बघायचे, पण वर्तुळात त्यांनी कधी नांगर घालू दिला नाही. काहून, विचारलं तर म्हणायचे, "आपण मागून आलो न, बाई."

मी पुरातत्त्व शिकवते. कागद नव्हते तेव्हा जमीन कुणाची हे कसं ठरायचं, या प्रश्नात माझी निम्मी नोकरी गेली. चार खापरं, एक गंजलेली कुऱ्हाड, हाडांचे तुकडे. सगळी शितावरून भाताची परीक्षा. तरी वर्गात मी छाती ठोकून सांगते, जिथे आपले पुरले ती जमीन आपली, असं ती माणसं मानत असावीत.

बाबा गेले तेव्हा आईनं राख नदीत सोडू दिली नाही. वर्तुळाला लागून खड्डा केला, राख घातली, वर आंबा लावला. तेव्हापासून तिथे एकटीनं बसायची मला भीती वाटते. बाबांची नाही. दगडांआडचे लोक सरकून त्यांना जागा करून देतायत असं वाटतं, आणि मला कुणी बस म्हणत नाही.

यंदा पुण्याच्या भावानं शेताचे प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याशी सौदा ठरवला. दगड आणि आंबा ओपन स्पेसमध्ये ठेवू, असं तो लेआउटवाला म्हणाला. माझं डोकंच फिरलं. पण सह्या आईच्या आणि माझ्याही लागणार होत्या, आणि माझी सगळी भिस्त आईवर होती. रजिस्ट्री ऑफिसातल्या बाकावर मी तिला म्हटलं, "बाबा तिथं हायेत, आई. तू नाही म्हण न."

तिनं उलट मलाच विचारलं, "ते दगडवाले लोक आता कुठं हायेत वं?"

"मालूम नाही. गेले कुठंतरी."

"आपल्या मानसायले टाकून?"

"हो."

"काहून?"

आईनं चष्मा लावला आणि तिथल्या बाबूनं दाखवलं तिथे सही केली.

"त्यायच्याही पोरायले जमीन नको झाली असन," ती म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं.