वजा पन्नास

काटेमास्तरांचं एक तत्त्व होतं: आकडा पटला नाही, तर आधी काटा तपासायचा. बाजारातले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यामुळे डॉक्टरांनी "रक्तदाब वाढलाय, गोळी घ्या, घरी मोजत जा" म्हटल्यावर मास्तरांनी मशीन तेवढं आणलं. गोळ्यांची चिठ्ठी खिशातच राहिली.

मशीननं दाखवलं वर एकशे बहात्तर, खाली एकशे चार.

"हॅ! मला काय धाड भरलीय? मशीनच खोटं."

काटा तपासायला त्यावर खात्रीचं वजन ठेवतात. घरात खात्रीचं कोण? बायको! बाईनं उभ्या जन्मात डोकेदुखीची गोळी घेतली नव्हती.

"अगं, हात दे जरा."

"अहो, गॅसवर दूध आहे!"

"जातंय कुठं दूध!"

तिचा आकडा आला एकशे शहात्तर, एकशे आठ. मास्तरांनी टाळीच वाजवली. "बघ! तुझ्यासारख्या ठणठणीत बाईलाही हेच दाखवतंय. वर पन्नास आणि खाली तीस जास्त धरतंय लबाड!"

झालं. तेव्हापासून दर रविवारी आधी तिचा, मग स्वतःचा दाब मोजायचा, पन्नास-तीस वजा करायचे आणि खूश व्हायचं. दोन वर्षं हा शहाणपणा चालला.

मग लेक राहायला आली. तिनं गंमत म्हणून पट्टा बांधला. एकशे सोळा, शहात्तर. मास्तरांनी सवयीनं वजाबाकी केली: सहासष्ट, सेहेचाळीस. एवढ्यावर माणूस उभा राहत नाही, आणि ही तर मजेत सफरचंद खात होती! मास्तरांनी पुन्हा मोजलं. एकशे चौदा. मशीन पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

दोघांच्या तपासण्या झाल्या. मास्तर गोळ्यांवर निभावले. बायकोची मूत्रपिंडं मात्र निम्मीसुद्धा काम करत नव्हती.

"पण मला कधी काही दुखलं नाही हो," ती म्हणाली.

"रक्तदाब दुखत नाही, बाई. आतल्या आत पोखरतो." डॉक्टर चिडलेच होते. "दोन वर्षांत घरातल्या कुणाला एकदाही मोजावंसं वाटलं नाही?"

नवऱ्याला बोल लागलेला बायकोला मुळीच खपला नाही.

"असं कसं म्हणता, डॉक्टर? दर रविवारी मोजायचे हे. स्वतःच्या आधी माझा."