गुरुवारचा चारचा तास

“कोणती खुर्ची घ्याल?”

आलेला माणूस दारात असतानाच मॅडम हा प्रश्न विचारत. खोलीत चार खुर्च्या होत्या, चारही वेगवेगळ्या. तो बसेपर्यंत त्या स्वतः उभ्या राहत. कोणी “कुठलीही चालेल” म्हणाले, तर शांतपणे म्हणत, “मला कोणतीही चालेल. तुम्हाला कोणती?” सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटे. तीस वर्षे मी ज्या वर्गांत शिकवले, तेथे कोणी कुठे बसायचे ते मी ठरवत असे.

निवृत्तीनंतर डोंबिवलीतील त्यांच्या समुपदेशन केंद्रात मी वेळापत्रक सांभाळू लागले. येणारे बहुतेक ठाण्याचे, कळव्याचे किंवा शीळफाट्याच्या नव्या इमारतींतले असत. आपल्या गावात कोणी पाहू नये म्हणून इतक्या लांब येत. पतिपत्नींमधले शरीरसंबंध, त्यांतली भीती, बालपणी झालेले अत्याचार, असे तेथले विषय. शाळेत जे धडे आम्ही ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत असू, त्यांतले शब्द मॅडम भाज्यांची नावे घ्यावीत इतक्या सहज उच्चारत. पहिले काही दिवस मी खिडकीबाहेर पाहत असे.

आता ज्या मुलीविषयी सांगणार आहे, तिची परवानगी मी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती ठाण्याच्या वर्तकनगरहून दर गुरुवारी चार वाजता येई. लग्नाला दोन वर्षे झाली होती. नवरा भला होता. पण त्याने स्पर्श केला की तिचे अंग लाकडासारखे ताठ होई. कारण तिने मॅडमना तिसऱ्या भेटीत सांगितले. मला ते पुष्कळ नंतर कळले. परंतु वाचकांना क्रम समजावा म्हणून येथेच लिहिते. वडील वारल्यावर मामाने त्यांचे घर चालवले. सुट्टीत त्याच्याकडे राहायला गेली असताना, नऊ-दहा वर्षांची असताना, त्यानेच तिच्यावर अत्याचार केले होते. हे तिच्या आईला ठाऊक नव्हते. आणि दोन महिन्यांनी तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. आपल्याकडे मामा नवरीला हात धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ते दृश्य आपण पाहू शकणार नाही, एवढेच तिला कळत होते. आईला सांगावे की नाही, ते कळत नव्हते.

मॅडमनी तिला घाई केली नाही. नवऱ्याला मात्र एक अभ्यास दिला. तीन आठवडे न विचारता हातसुद्धा धरायचा नाही. आणि ती नाही म्हणाली, तर तोंड पाडायचे नाही. तो प्रामाणिक विद्यार्थी होता. पुढच्या वेळी येऊन म्हणाला, “मॅडम, तलावपाळीवर फिरताना दर दिव्याखाली विचारलं. अकरा वेळा नाही म्हणाली.”

“मग?”

“बाराव्या दिव्याला हसली.”

मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, “जिला नाही म्हणता येतं, तिच्याच ‘हो’ला अर्थ असतो.”

आणि मग माझ्या हातून चूक झाली.

एका गुरुवारी ती आली नाही. केंद्राचा नोंदणी अर्ज मीच तयार केला होता, त्यात दुसरा संपर्क क्रमांक असा रकाना होता. विद्यार्थी गैरहजर असला की पालकांना कळवायचे, ही माझी अंगवळणी पडलेली पद्धत. मी कळव्याला तिच्या आईला फोन केला आणि सांगितले की आपली मुलगी आज समुपदेशनाला आली नाही. मग आईने विचारले, “कसलं समुपदेशन?”

मी हे सांगितल्यावर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी लगेच मुलीला फोन करून चूक आमच्याकडून झाल्याचे सांगितले. तिने फोन ठेवून दिला.

आई घरातली प्रत्येक गोष्ट भावाला विचारून करी. पुढच्या गुरुवारी, बरोबर चारला, मामा आले. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, हातात लग्नाची पत्रिका. अतिशय नम्रपणे मला म्हणाले, “आमच्या भाचीचं काय चाललंय, जरा कळलं तर बरं. घरात कार्य आहे ना.”

मॅडम बाहेर आल्या. खुर्चीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

“इथे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही.”

“अहो, मी घरचा माणूस आहे.”

“म्हणूनच नाही.”

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या दारात उभ्याच होत्या. पत्रिका टेबलावर ठेवून तो गेला. जिना उतरणारी पावले थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग भिंतीला टेकल्या.

मुलगी पुढचे चार गुरुवार आली नाही. प्रतीक्षायादी लांबली होती. तो तास दुसऱ्या कोणाला द्यावा, असे मी दोनदा सुचवले. “तो तिचा आहे, बाई,” एवढेच त्या म्हणाल्या. चार ते पाच त्या रिकाम्या खोलीत बसून राहत. पुस्तक नाही, फोन नाही. बाहेर मी घड्याळाकडे पाहत बसे. एका फोनने मी काय केले, हे त्या चार तासांत मला जितके समजले, तितके कोणाच्या बोलण्याने समजले नसते.

लग्नाला पाच दिवस उरले असताना ती आली. मागे तिची आई होती, डोळे सुजलेले. मुलीने आदल्या दिवशी सगळे सांगितले होते. दार उघडेच राहू दे, असे तिने मॅडमना सांगितले, म्हणून पुढचे माझ्या कानांवर आले.

“माझा पाठचा भाऊ आहे ओ तो,” आई म्हणाली. “हे गेले तेव्हा त्यानेच आम्हाला जगवलं. आता मी काय करू, मॅडम?”

“मला नका विचारू. तिला विचारा.”

आई मुलीकडे वळली.

“काय करू गं?” आईने विचारले.

“तो मांडवात नको. छोटीचा हात त्याच्या हातात द्यायचा नाही.”

“मग तिच्या मागे उभं कोण राहणार? लोक विचारतील.”

मला उठून काहीतरी सांगावेसे वाटत होते. मी टेबलाची कड धरून बसले.

“मी राहते,” आई म्हणाली. “विधवा बाई बोहल्यावर कशाला, म्हणून बोलतील बायका. बोलू देत.”

लग्नानंतर मुलीने मला एक छायाचित्र पाठवले. अंतरपाटासमोर नवरी, तिच्या पाठीशी आई, ताठ उभी. मी धावतच फोन घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी हात पुढे केला, मग थांबल्या.

“मला दाखवायला सांगितलंय का तिने?”

नाही, असे मी कबूल केले.

“मग तिला वाटेल तेव्हा ती दाखवेल.” त्यांनी नजर वळवली. ती वळवताना त्यांना किती जड गेले, ते मला दिसले.

पुढच्या वर्षी मॅडम केंद्र बंद करून दूरच्या शहरात गेल्या. ते छायाचित्र त्यांनी कधी पाहिले की नाही, मला माहीत नाही. त्या मुलीची आणि माझी अजून गाठ पडते. मी तिला विचारलेले नाही.