कुपाटीवरची कळलावी

अर्ध्या वाती वळून झाल्या होत्या, उरलेला कापूस मांडीवरच होता, तेवढ्यात शिवकन्या मोबाईल घेऊन ओसरीवर आली. शिवकन्या ही माझ्या थोरल्या जावेची, तुळजाअक्काची सून. पाचवा महिना चालू आहे. मुखेडहून लग्न होऊन आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या घरात राहायला आली, तेव्हापासून तिला एकच नाद. शेताभोवतीच्या काटेरी कुपाटीवर दिसेल त्या फुलाचा फोटो काढायचा आणि खाली नाव लिहायचं.

नावं सांगायला अक्का. तिचं माहेर शिरूर अनंतपाळकडचं. लहानपण शेळ्यांमागं गेलं, त्यामुळं बांधावरचं फूल तिला परकं नाही. निळं इवलं ते केनं, गुलाबी तुऱ्याचा कुर्डू, पिवळा तरोटा, महादेवाला वाहतो तो पांढरा तुंबा.

"आत्याबाई, हे कोणतं?"

"बरबडा."

"असलं कसलं नाव?"

"त्याच्या मायला इचार. तिनं ठिवलं."

फक्त फाटकाजवळच्या एका वेलाचं नाव अक्का सांगत नव्हती. त्याच्या पाकळ्या वर उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. चुलीत जाळ धरावा तशा. शिवकन्येनं विचारलं की "रानटी हाय कायतरी" म्हणून अक्का पुढं चालू लागायची. म्हणून आज ती माझ्याकडं आली.

"काकू, तुम्ही तर सांगा."

मी कापूस चाचपत राहिले. नाव मला माहीत होतं. कळलावी. ज्याच्या दारी उगवते त्याच्या घरात भांडणं लावते, असं आमच्याकडं म्हणतात. अक्का नवी नवरी होऊन आली ती तोंडानं फटकळ. आमच्या सासूबाईंनी तिचं नावच कळलावी पाडलं. मग पिठाच्या गिरणीवर तेच, हळदीकुंकवाला तेच. सासूबाई देवाघरी गेल्या तसं ते नाव मागं पडलं. आता सुनेच्या कानावर ते जाऊ नये, एवढंच अक्काला हवं होतं. ती कधी बोलली नाही, पण एका चुलीवर इतकी वर्षं काढल्यावर कळतंच.

मी म्हटलं, "आधी वाती होऊ दे, मग सांगते."

पण भुजंगभाऊजी तिथंच दोर वळत बसले होते. ते अक्काचे मालक. मनात काही नसतं, तोंडात मात्र काही राहत नाही.

"अगं, ती कळलावी हाय," ते म्हणाले. "आमची माय तुझ्या सासूला त्याच नावानं हाक मारायची."

अक्का सूप घेऊन दारात उभी होती. शिवकन्येचा अंगठा मोबाईलवर तसाच थांबला. मला वाटलं, आता अक्का भाऊजींची चांगली हजेरी घेणार. तिनं सूप ठेवलं, माझ्याजवळ बसली आणि माझ्या मांडीवरचा कापूस उचलून वात वळायला लागली.

"लिही, कळलावी," ती म्हणाली. "पण भांडणाची कळ न्हाई ती. बाई अडली, कळा येईनात, की जुन्या सुईणी त्याचा कंद उगाळून बेंबीभवती लावायच्या. त्या कळेची ती कळलावी. कंद जहरी हाय बरं. तू हात लावायचा न्हाई. दुरून बघ."

भाऊजींचा दोर थांबला. "आन् हे मायला कधी सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. म्हणल्या, बघा, पुन्हा कळ लावून राहिली."

भाऊजींना हसू फुटलं, मलाही आवरेना. शिवकन्या हसली नाही.

"आत्याबाई, वाईट वाटायचं?"

"लई," अक्का म्हणाली आणि पुढची वात घेतली.

शिवकन्येनं नाव लिहिलं, अक्कानं सांगितलं तसं सगळं लिहिलं आणि मोबाईल अक्कापुढं धरला. अक्कानं बोट ठेवून सावकाश वाचलं. मग शिवकन्या म्हणाली, "उद्या महालक्ष्म्यांच्या आरासीत हे ठेवायचं?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. देवाधर्माचं या घरात मला विचारतात.

"ठेवा की," मी म्हटलं. "मखराच्या वरच्या अंगाला, लेकरांचा हात पोचणार न्हाई तिथं."

अक्का विळा घेऊन फाटकाकडं गेली. भाऊजी दोर टाकून उठले आणि तिच्यासाठी वेल वाकवून धरला.

राहिलेल्या वाती मी शिवकन्येकडं दिल्या आहेत. मला आता ओढ्याकाठी आघाडा आणायला जायचंय.