सम चुकली तेव्हा

चिंचेने पितळी टाळ घासायला घेतले की तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते. बाबांचा स्मृतिभ्रंश वाढला होता. मला ते नर्स समजायचे. मी रोज त्यांच्यासमोर टाळ वाजवत भजन म्हणायची, आणि त्याने ते शांत होतात का, एवढंच बघायला दवाखान्यातली बाई आली होती. तिच्या नजरेने माझा ठेका घसरला. बाबांनी टाळ हिसकावून माझ्या कपाळावर हाणले. भुवईवरून रक्त ओघळलं. "सम चुकली, कार्टे," ते गरजले. कार्टे ते फक्त मला म्हणायचे, लहानपणी भजन शिकवताना. बाई घाबरली. "अक्का, हे आजच बंद करा." मी टाळ उचलले आणि मुद्दाम पुन्हा सम चुकवली. आज माझ्या कपाळावर दोन खुणा आहेत.